नऊ लॅपटॉपचा पासवर्ड

धुण्याच्या मशीननं शांततेत शिट्टी मारली, तशी ती दचकली आणि हात एंटरवर पडला. पासवर्ड चुकला, आता एकच प्रयत्न शिल्लक, मग लॅपटॉप कायमचा बंद. फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपच्या मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला ऑफिसचे नऊ लॅपटॉप घरी आणले होते; एरवी कधी न लागणारा त्याचा पासवर्ड आता हवा होता आणि एकही दाद देईना. तिनं वैतागून सहकाऱ्याला फोन लावला. "कुठल्या शहाण्यानं पासवर्ड घातलाय रे यांना?" "अगं, तूच. बाळंतपणाच्या रजेआधी." तिनं कपाळावर हात मारला. मग आठवलं. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून तिनं एक नाव मनात जपलं होतं. घरच्यांनी नंतर दुसरंच ठेवलं. तिनं सावकाश एकेक अक्षर दाबलं. लॅपटॉप उघडला. "सांग पटकन, इथं ऑफिसात उरलेले मीही उघडतो," सहकारी म्हणाला. तिनं ते नाव चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. खेळणं टाकून लेक जवळ आली. "आई, ही कोण?"