आल्बुकेर्कच्या कठड्यापाशी

"मदीं माणूस इलो काय बोट दिसना, वयनी," असं म्हणून रघुनाथनं फोटोतल्या माणसावर अंगठा ठेवला.

विनोदिनीला सव्वीस वर्षांनी नवऱ्याचं तोंड दिसलं होतं, तेही नखाएवढं. आता त्यावर अंगठा.

रघुनाथ मुरगाव बंदरात बोटींची डागडुजी करायचा, त्या रंगवायचा. आता पेडण्याला घरीच असे. भिंतीवर जुन्या मासिकांतल्या लढाऊ बोटी चिकटवलेल्या. नाव झाकून कोणतीही दाखवा, तो ओळखायचा. म्हणून ती आणि धाकटा दीर बाबुराव सकाळच्या बसनं धारगळहून आली होती, गोवा घटकराज्य झालं म्हणून हायवेवर उभारलेल्या कमानीखालून.

फोटो परवा आला. लिस्बनहून आलेल्या कुणीतरी आणून दिला, जुन्या सामानात सापडला म्हणून. मागं शिक्का लिस्बनच्या स्टुडिओचा, खाली पेन्सिलीनं नाव आणि गाव.

नवरा, गोकुळदास, एका ठेकेदाराची भाजी लढाऊ बोटींवर पोचवायचा. एकसष्टच्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाला तेव्हा, मुरगावला गेला, तो परत आलाच नाही. पाखल्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर, बोटीत बसून पोर्तुगालला पोचला, असं निम्मा गाव म्हणायचा. उरलेला निम्मा तिच्या कुंकवाकडं बघायचा.

बुधवारी भटजी येणार होते. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे मेला.

फोटो पोर्तुगालात उभ्या बोटीवरचा निघाला, तर नाही.

"देवान कौल दिलो, भटान दीस दिलो," बाबुराव दारातून म्हणाला. "आता हिका बोटीची सही होयी."

"तू गप रव रे," रघुनाथनं त्याला दटावलं.

रघुनाथ डोळे बारीक करून पाहू लागला.

डोलकाठी.

तोफेची ढाल.

धुराडं. अर्धंच.

प्रत्येक शब्दाला विनोदिनी मान हलवत होती, नवऱ्याच्या अंगावरच्या खुणा कुणी विचाराव्यात तशी.

मग नख थांबलं. बाजूला टांगलेल्या होडीवर.

"ही फळी बघ. बाकीच्यांपेक्षा रुंद. ही मी बसयली. एकसष्टच्या गणेशचवथीच्या आदल्या दिसा. घराक पोचाक रात झाली, बायलेन जेवणच वाडूक ना." तो हसला नाही. "आल्बुकेर्क ही, वयनी."

"ती पोर्तुगालाक गेली?"

"खंयची. त्या डिसेंबरात तिच्यार गोळे पडले, काठाक लागली. मागीर भंगारात. चवथीनंतर ती पोर्तुगालाक गेलीच ना."

"पण मागचो शिक्को?"

"खलाशी फोटोचे रोल घराकडे धाडीत. थंय धुवन घेयत. फोटो हंयचोच. मुरगावचो."

बाबुरावचं खरं ठरलं होतं. तो उंबऱ्यावर बसला. रुमाल काढला आणि तोंडावर धरला. "दादा," एवढंच म्हणाला.

हायवेवरून खनिजाचा ट्रक गेला, त्याच्या मागून आणखी एक.

"भावजी, अंगठो काढा."

रघुनाथनं काढला. माणूस कठड्यापाशी उभा होता. पायाशी टोपली. हसत असावा. सांगता येत नव्हतं.

"हो कठडो कितको उंच?" विनोदिनीनं विचारलं.

"कित्याक?"

"भटजी विचारतत, पुतळो कितको लांब करूया. बाबुराव म्हणतत, सादारण कर." ती फोटोकडंच बघत होती. "ते सादारण होते काय, माका ठावक ना. पाच म्हयने संसार केलंय. नवी व्हकल मी. मान वर करून बघूचां धाडस कधी झालां ना."

रघुनाथ उठला. तो कठडा त्यानं किती वेळा रंगवला होता. जमिनीकडं बघत त्यानं हात आडवा धरला, आपल्या बरगड्यांच्या खाली.

"हंय. ह्याच्यापेक्षा कमी ना."

विनोदिनी त्या हातापाशी जाऊन उभी राहिली. फोटो दुसऱ्या हातात. कठडा माणसाच्या कमरेला लागत होता, तिच्या छातीला. तिनं आपला तळवा डोक्यावर नेला, मग आणखी वर.

"इतके?"

रघुनाथनं फोटो पाहिला, तिचा हात पाहिला.

"मातशे वयर."

तिनं टाचा उचलल्या. हात तसाच धरून ठेवला. आणि मान वर केली.