आठ तलवारी

“पत्ता मीच काढणार,” ईश्वरअप्पा म्हणाले आणि चाचपत पत्त्यांची चवड स्वतःकडे ओढली.

 त्यांची लेक मल्लम्मा आणि मेरीबाई, दोघींचं ठरलं होतं वेगळंच. पत्ता मेरीबाई काढणार, नेमका हवा तोच काढणार, आणि अप्पा मल्लम्माला हैदराबादला नर्स व्हायला जायची इजाजत देणार.

मेरीबाई म्हणजे गंगाखेडच्या स्टेशनमास्तरची बायको. सासूकडून आलेले विलायती चित्रांचे पत्ते मांडून ती भविष्य सांगे. अप्पांच्या कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. पण भरवसा सगळा ग्रहांवर. ग्रह रुसलेले असले तर दुकानात कापडाचं नवं थानही फोडत नसत.

दोन वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्यात त्यांचे मोतीबिंदू काढले. तिथल्या नर्सांची लगबग बघून विधवा मल्लम्मानं मनाशी गाठ मारली. पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी ती अप्पांना म्हणाली, मला हेच शिकायचंय. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि अप्पा म्हणाले, “काई दिसंना.”

तेव्हापासून त्यांच्या कपाळावरून हिरवं फडकं लोंबत असे, आणि घर, दुकान, अप्पा, सगळं मल्लम्माच्या गळ्यात. वाटेत बसलेल्या म्हशीला अप्पा बरोबर वळसा घालत. देव एक दार लावतो तर दुसरं उघडतो, असं लोक म्हणत.

आता अप्पांनी पत्ता ओढला, जरा वेळ हातात धरला आणि मेरीबाईपुढं ठेवला.

दोघी बघत राहिल्या. लालभडक काळीज आणि त्यात घुसलेल्या तीन तलवारी. ताटातुटीचा, रडारडीचा पत्ता. हा सांगितला असता तर मल्लम्मा जन्मभर उंबऱ्याच्या आतच राहिली असती. तिनं मेरीबाईकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

“आठ तलवारी,” मेरीबाई शांतपणे म्हणाली. “मिथुनेतला गुरू. एक बाई बांधलेली आहे, डोळ्यांवर पट्टी, भोवती तलवारी. पण दोरी सैल आहे. पट्टी तिची तिला काढता येते. बाहेर पडून विद्या शिकायचा योग आहे, अप्पा.”

अप्पांनी कपाळावरचं फडकं चाचपलं.

“पाय मोकळे हायत का तिचे?”

“मोकळे आहेत.”

“मंग जाऊ द्या तिला,” ते म्हणाले.

आंधळ्या बापाला फसवलं याची मल्लम्माला लाज वाटली. पण पाऊल मागं घेतलं नाही. असा दिवस पुन्हा उगवणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठवडाभरात अप्पांची बहीण बसम्मा घर सांभाळायला आली. दुकानाला गडी मिळाला. मल्लम्मानं ट्रंक भरली, अप्पांच्या काठीला नवी मूठ बसवून घेतली आणि मग एकटीच न्हाणीत जाऊन रडली.

पोचवायला अप्पा स्टेशनावर आले. ती पाया पडून गाडीत बसली. खिडकीच्या गजावर त्यांचा हात होता. खरं सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं.

“अप्पा, त्या दिवशीचा पत्ता...”

शिट्टी झाली. गाडी हलली. अप्पा गजाला धरून चार पावलं सोबत चालले.

“आठ न्हाईत, मल्लू,” ते म्हणाले. “तीनच हुत्या.”