तळघरातली खोली

आयोवातल्या त्या घरात झोपायच्या खोल्या दोनच होत्या. तळघरातली थंडगार खोली शेल्बी आणि तिच्या नवऱ्याची. शेल्बीला सातवा महिना लागला, त्या सकाळी सासूबाई आर्डिथ म्हणाल्या, "आजपासून खाली मी झोपणार. तुम्ही वर जा."

"वर किती उकडतं. आणि तुमचे गुडघे? बारा पायऱ्या आहेत."

"गुडघे माझे आहेत ना?"

शेल्बी धुमसतच वर गेली. "माझं एवढंसं सुखही बघवत नाही तुझ्या आईला," हे नवऱ्याला रोज ऐकवू लागली.

तीन आठवड्यांनी कारागीर आला. तळघराच्या जमिनीला भोक पाडून त्याने खालची हवा छपरावर फेकणारा पाइप आणि पंखा बसवला.

"तीन आठवड्यांपूर्वी तळघरातल्या हवेचा रिपोर्ट आला, त्याच दिवशी यांनी मला फोन केला," जिन्यावरच्या आर्डिथकडे बोट दाखवत तो शेल्बीला म्हणाला. "रेडॉन मर्यादेच्या पाचपट. फुप्फुसाचा कॅन्सर करतो हा वायू."

शेल्बी सासूकडे वळली. "आणि तुम्ही खाली झोपत होतात?"

"वीस-तीस वर्षं लागतात म्हणे त्याला," कठड्याला धरून उतरत आर्डिथ म्हणाल्या. "मी चौऱ्याहत्तरची. शंभरीला आला, तर बघून घेईन."