अजून थोडी जड आहे

गाडीचं मागचं सीट निघालं तेव्हा भंगारवाला नुसता हसला होता. काचा निघाल्या तेव्हा त्याने हातगाडी आणली. आता मिस्त्रींनी स्टेपनी, जॅक, हीटर, गालिचा आणि दारांची हँडलं त्याच्यापुढे मांडली, तेव्हा तो त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मिस्त्री, हिच्यात आता तुम्हीच तेवढे उरलात. तोलून नेऊ का?"

मिस्त्रींचा हात सवयीने मिशीकडे गेला आणि रिकामाच परत आला. मिशी त्यांनी गेल्या महिन्यात उतरवली होती. तेवढंच वजन कमी.

गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी होती. विमानं केव्हाच बंद पडलेली. आता महिन्यातून एका रविवारी तिथे पाव मैलाची शर्यत व्हायची. वळण नाही, फेरी नाही. सुटायचं आणि पोचायचं. मिस्त्रींची गाडी पंधरा सेकंदांच्या आत काही येत नव्हती. इंजिनातून जेवढं पिळून काढता येईल तेवढं काढून झालं होतं. राहिलं होतं ते वजन.

लेक दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहायची. मिस्त्रींची कंबर धरली तेव्हापासून तिने धोशा लावला होता, की गॅरेज विका आणि दोघं इकडे या. शेवटी मिस्त्रींनी तिला शब्द दिला. गाडी एकदा पंधराच्या आत आली, की शटर खाली. तुझ्या आईला नातीची ओढ आहे, तिला तरी किती दिवस अडकवून ठेवू, असंही ते फोनवर म्हणाले. बायको शेजारीच शिलाई मशीनवर होती. तिने मान डोलावली आणि मशीन चालूच ठेवलं.

गाड्यांची सीटं शिवणं हे बाईंचं काम. मिस्त्रींनी गाडीतली एकेक वस्तू उपटली, पोखरली, कानशीने घासली. पण चालकाच्या सीटला हात लावला नाही. ते बायकोने शिवलेलं होतं.

आणि पाणी तिथेच मुरत होतं.

चाकांचा तोल साधायला रिमवर ठोकतात ते शिशाचे तुकडे गॅरेजात डबा भरून पडलेले असत. मिस्त्री गाडीतून काही काढत, की बाई सीटची एक शिवण उसवत, तेवढंच शिसं फोमात दडवत आणि वरून टाके घालत. टाका असा, की कुणी भिंग लावूनही शोधू नये.

कंबर धरली होती त्या वेळी दोघं काही दिवस लेकीकडे राहिले होते. आठव्या मजल्यावर गाड्यांचा आवाज पोचत नाही. मिस्त्री गॅलरीत वाकून खाली बघत आणि कुणाचा क्लच घासतोय, कुणाचा सायलेन्सर फाटलाय, ऐकू येतंय का म्हणून कान देत. नातीने मारलेली पहिली हाक त्यांना ऐकूच जात नसे. नातीवर बाईंचा जीव होता. पण हे झाड कुंडीत लावलं तर धरायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

म्हणून दर शर्यतीनंतर मिस्त्री बॉनेटवर थाप मारून म्हणत, "अजून थोडी जड आहे गं," आणि बाई डब्यातली पोळी पुढे करत. मिस्त्री ती चवीने खात. दुसरीही मागत. दुःख लपवायची माणसाची एकेक तऱ्हा, असं बाईंना वाटे.

या खेपेला मात्र बाईंचा धीर सुटला. मिस्त्रींनी बिजागऱ्या घासून घासून बोटं सोलून घेतली होती. शर्यतीच्या सकाळी तर चहाही नाकारला. पोटातला चहासुद्धा शेवटी गाडीनेच वाहायचा, म्हणाले. बाईंना एकदम भरून आलं. या माणसाचं स्वप्न आपण त्याच्याच बुडाखाली शिवून ठेवलंय. मिस्त्री अंघोळीला गेले तशी त्यांनी कात्री घेतली. सीटमधलं सगळं शिसं काढलं, नवा फोम भरला. मग लेकीला फोन करून खोली रिकामी ठेवायला सांगितलं.

धावपट्टीवर मिस्त्री गाडीत बसले आणि जरा थबकले.

"सीट मऊ लागतंय."

"फोम बदललाय."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आज जमलं तर शटर खाली हं. शब्द दिलाय मी."

"दिलाय ना? मग पाळायचा," बाई म्हणाल्या आणि हेल्मेटचा पट्टा त्यांच्या हनुवटीखाली नीट बसवला. मुलाला शाळेत धाडताना बसवावा तसा.

एरवी त्या सुटायच्या जागीच डबा घेऊन थांबत. आज शेवटच्या रेषेपाशी चालत गेल्या, घड्याळवाल्याच्या खुर्चीशेजारी. शेवटची धाव डोळे भरून बघावी म्हणून.

झेंडा पडला. गाडी अशी सुटली, की शेजारची जागीच उभी वाटावी. सगळ्या गॅरेजचं ओझं उतरवून निघाली होती ती. घड्याळवाला खुर्चीतून उठला. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. आली, आली म्हणता अगदी जवळ आली. आणि रेषा शंभरेक हातांवर असताना गाडीचं नाक खाली दबलं, चाकं किंचाळली, आणि ती जड पावलांनी रेषेवरून गेली.

बाई घड्याळवाल्याकडे वळल्या. "अहो, काय झालं? काही तुटलं का?"

घड्याळवाला आकडा बघत पुन्हा खुर्चीत टेकला.

"काही नाही वहिनी," तो म्हणाला. "मिस्त्री दर वेळी इथेच ब्रेक मारतात."