सात नंबरचं दार

"हँडल कुठंय?" वडिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि तिथंच राहणार," कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न हलवता मुलगी म्हणाली.

ती कालव्याची इंजिनिअर. वडील त्याच कालव्यावरचे पाटकरी. बत्तीस वर्षं सात नंबरचं दार हँडल फिरवून वर-खाली करत आलेले. आज सकाळी तिनंच त्यांना गाडीत घालून इथं नियंत्रण खोलीत आणून बसवलं होतं, दारापासून अठरा किलोमीटर लांब. म्हटलं, डोळ्यांसमोर असलेले बरे.

दोन वर्षं डोकं शिणवून तिनं ही पद्धत बसवली होती. धरणातून निघालेलं पाणी कुठल्या दाराशी कधी पोचेल, शेतं किती ओढून घेतील, याचा अंदाज कॉम्प्युटर आधीच बांधायचा आणि दारांच्या मोटरींना हुकूम सोडायचा. पाणी पोचायच्या आत दार उघडलेलं असायचं. चाचणीच्या चाळीस दिवसांत पातळी दोन बोटंही हलली नव्हती. आज दुपारी दोनपर्यंत ती अशीच राहिली, तर पद्धत सगळ्या कालव्यांवर जाणार होती. चुकली तर भंगारात. मोठे साहेब त्यासाठीच मागे खुर्ची टाकून बसले होते.

आणि पद्धत पास झाली, की हातानं दारं फिरवणारे घरी. वडील धरून.

म्हणूनच तिचं लक्ष वडिलांवर होतं. रोज संध्याकाळी ती दुसऱ्या दिवशीच्या हुकमांचा कागद घरी न्यायची, आणि वडील चष्मा लावून सात नंबरचे हुकूम वहीत उतरवून घ्यायचे. किती वाजता, किती इंच. कशाला, तर म्हणे, तुझं यंत्र काय करतंय ते बघायला. मोटर बसल्यावर त्यांना तिथं काही काम उरलं नव्हतं. तरी माणूस दिवसभर दारापाशीच. सदऱ्यावर ग्रीसचे डाग. सहा नंबरच्या पाटकऱ्यानं परवा तिच्या कानावर घातलं, तुझे वडील दाराशी काहीतरी खटपट करत असतात, बघ बाई. तिनं काल संध्याकाळी जाऊन हँडलच काढून आणलं. बापावर असा संशय घ्यायची तिला लाज वाटली, पण आणलं.

अकराला दिवसाचा पहिला हुकूम सुटला. सात नंबर, नऊ इंच वर.

दार हललं नाही.

तिनं हुकूम पुन्हा सोडला. पडद्यावरचा दाराचा आकडा ढिम्म. मागून येणारं पाणी दाराशी तुंबू लागलं. चार बोटं. मग सहा. साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, बांधाखाली किती घरं आहेत? तीस, तिनं सांगितलं.

"बांध तासभर धरेल," वडील हलक्या आवाजात म्हणाले. "हँडल दे आणि गाडी दे. मी जातो."

ती त्यांच्याकडं वळली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं तोंडाशी आलं.

"काल काय करून ठेवलंत, बाबा? तुमच्याशिवाय दार उघडत नाही, हेच दाखवायचं होतं ना साहेबांना?"

वडिलांनी साहेबांकडं पाहिलं. तळहात एकमेकांवर चोळत राहिले.

"तसं समज हवं तर," ते म्हणाले. "पण हँडल दे."

तिनं दिलं नाही. सहा नंबरवर असलेल्या वायरमनला तिनं फोन करून मोटारसायकलनं पिटाळलं. काय मोडून ठेवलंय ते शोध आणि लगेच कळव, असं बजावलं. साहेब म्हणाले, फोन स्पीकरवर ठेवा. तिनं ठेवला. वडिलांचं नाव सगळ्यांसमोर निघणार म्हणून तिला रडू येत होतं, पण तिनं ते गिळलं.

पातळी दहा बोटं चढली होती तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, मोडलेलं काहीच नाही," वायरमन धापा टाकत म्हणाला. "मोटरच्या चाकावर कोळ्याचं जाळं आहे, अख्खंच्या अख्खं. ही बसवल्यापासून एकदाही फिरलेली नाही. हँडल बसतं त्या दांड्याला मात्र ताजं ग्रीस आहे. ते हँडल कुठंय?"