भूमिपूजनाचे यजमान

एसटीतून निवृत्त झालेले तोडमल ड्रायव्हर गुरुजींना घेऊन भूमिपूजनासाठी आपल्या प्लॉटवर पोहोचले, तर तिथे काळोखे नावाचे एक शिंपी सहकुटुंब कुदळ मारायला सज्ज.

"जागा माझी आहे," तोडमल म्हणाले.

"माझी आहे," म्हणत काळोख्यांनी कागद काढला. तोडमलांनीही काढला. विकणारा एकच, नोटरीचा शिक्काही तोच. रजिस्ट्रेशनला उगाच पैसे कशाला घालवता, असं त्या भल्या माणसानं दोघांनाही आपुलकीनं समजावलं होतं. मग कागद कोणाचा आधीचा, यावरून दोघे हमरीतुमरीवर आले.

तेवढ्यात स्कूटरवरून एक नर्सबाई आल्या. त्यांच्या पर्समधून दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं खरेदीखत निघालं. सातबाऱ्यावरही त्यांचंच नाव लागलं होतं.

"काका, नोटरीच्या शिक्क्यानं सही तुमची, एवढंच ठरतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "जमीन तुमची व्हायला खरेदीखत नोंदवावं लागतं."

काळोख्यांनी कुदळ खाली ठेवली. फंडाचा सगळा पैसा तोडमलांनी या मातीत घातला होता, आणि 'रजिस्टर करून घ्या' म्हणणाऱ्या बायकोला 'तुला व्यवहारातलं काय कळतं' असं वर सुनावलं होतं.

"मुहूर्त टळतोय," गुरुजी चुळबुळले. "संकल्पात यजमान म्हणून नाव कोणाचं घेऊ?"

तोडमलांनी हातातला नारळ नर्सबाईंपुढे धरला.

"यांचंच घ्या," ते म्हणाले. "आणि गुरुजी, देवाला एवढं विचारा, विकणारा सध्या राहतो कुठे."