नावाची हाक

सामान वाहणाऱ्या ड्रोनांच्या घरघरीमुळे साताऱ्यात हल्ली उघड्या कानांनी कोणी बाहेर पडत नसे. दिगंबररावांचा जुना हेडफोन मोडला, म्हणून कुमुदताई त्यांना घेऊन दुकानात आल्या. पहिला चष्म्याच्या काडीवर दाबत होता, दुसऱ्यात कान घामेजले. तिसरा मात्र उशीसारखा मऊ बसला आणि त्यातली सतार ऐकताना त्यांची मान डोलू लागली.

"यात बाहेरचं काही येत नाही, फक्त स्वतःच्या नावाची हाक येते," दुकानातली मुलगी म्हणाली. "हाक पोचली की हा दिवा हिरवा होतो. मारून बघा, आजी."

"अहो!" कुमुदताई म्हणाल्या. मान डोलतच राहिली.

"'अहो' नाही चालत, आजी. तुमच्या एका हाकेला मंडईतले सगळे नवरे वळतील. नाव घ्या."

लग्न झाल्यापासून उखाण्याबाहेर त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या पुटपुटल्या, "दिगंबर."

डोलणारी मान थांबली. दिवा हिरवा झाला.

"काही ऐकू आलं नाही बुवा," दिगंबरराव समोर बघत म्हणाले. "पुन्हा हाक मार बघू."

कुमुदताईंनी हिरव्या दिव्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्यानं.